डब्याविना उडी

औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या रूपाची मुलांच्या निकालाच्या धास्तीनं झोप उडाली, अन्न गोड लागेना, तेव्हा भाऊ तिला करमाडजवळच्या आपल्या शेतावर घेऊन आला. तिथं वहिनीनं काही विचारलं नाही. रोज सकाळी पाठीला रिकामा डबा बांधून तिला विहिरीत पोहायला शिकवलं. आज मात्र वहिनीनं डबा बांधलाच नाही. ती स्वतः आधी पाण्यात उतरली. "वहिनी, मी बुडेन!" काठावर रूपा थबकली. "मी हाय ना खाली. मारा उडी, वन्सं!" रूपानं डोळे मिटून उडी घेतली. गार पाणी डोक्यावरून गेलं आणि हातपाय आपोआप चालू लागले. पलीकडच्या भिंतीला हात टेकताच ती अशी ओरडली, की कपारीतले पारवे भर्रकन उडाले. "पोहले, वहिनी! एकटी पोहले!" "निघा आता, भाकरी गार व्हायलीय." "होऊ द्या," म्हणत रूपा पुन्हा पाण्यात झेपावली.