कळपाचा म्होरक्या

प्राणिसंग्रहालयात बारा वर्षं चिंपांझी सांभाळणाऱ्या बाईंनी मुख्य रक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा अधीक्षक हसले. "अहो बाई, राज्य नरानेच करायचं, हा निसर्गाचा नियम आहे. तुमच्या चिंपांझींतच बघा ना."

"चला, बघूच," म्हणत त्या त्यांना थेट कुंपणापाशी घेऊन गेल्या.

आत दोन नरांची जुंपायच्या बेतात होती. त्यांतल्या दांडग्याच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले होते आणि मुठीत दगड होता. एक म्हातारी मादी सावकाश उठली, त्याच्याजवळ गेली आणि मूठ उघडून तिने दगड काढून घेतला. त्याने दुसरा उचलला. तिने तोही घेतला. मग तो गुमान बाजूला जाऊन बसला.

अधीक्षक जरा वरमले. "हे जनावरांचं झालं. पण हाताखालचे चार पुरुष तुमचं ऐकतील?"

"त्यांनाच विचारा. माझ्यासमोर विचारा."

चौघांना बोलावणं गेलं. अधीक्षकांनी सरळ प्रश्न टाकला, "उद्यापासून या बाई तुमच्या वरिष्ठ झाल्या, तर चालेल का?"

चौघांनीही आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली, तेव्हा कुठे चौघांतला थोरला बोलायला लागला.