आबांची तुळस

बावड्याचे सर्जेराव आबा माळकरी. सून स्वरूपा शेडात कोंबड्या पाळायची, पण आबांनी तिकडं कधी पाऊल टाकलं नाही. वाढीच्या औषधाऐवजी ती तुळस-हळद वाटून खाद्यात मिसळू लागली, तेव्हा तर ते कडाडलेच, "देवाची तुळस कोंबड्यांला? उद्या कीर्तनात कुठल्या तोंडानं बसू?"

आज कोंबड्या न्यायला गाडी येणार होती. सकाळपासून खाद्य बंद. अन् तुळशीची टोपली घेऊन आबाच शेडाच्या दारात उभे!

"आबा, आता कशाला? एका दिसात काय वजन वाढतंय व्हय?"

"वजनासाठी न्हाय गं पोरी," पाण्याच्या भांड्यात पानं चुरगळत आबा म्हणाले, "जाणाऱ्याच्या मुखात तुळशीपान नगं का?"