उंच आसन

ज्योत्स्ना हिंगणीतल्या घरूनच एका परदेशी कंपनीचं काम करते. या वेळी तिला उत्तर युरोपातल्या प्राचीन नॉर्स विधीवरून आभासी ध्यान तयार करायचं होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण बर्फातल्या गावची भविष्य सांगणारी बाई होतो, उंच आसनावर बसतो आणि दिसेल ते बोलतो. ती बाई आसनावरून उतरेपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही, हा तिनं ठेवलेला नियम.

चाचणीसाठी तिनं सासूबाईंना, म्हणजे आनंदाबाईंना बसवलं. नवरा हेमराज आणि सासरे नानाजी यांना गप्प राहायला बजावलं.

पाच मिनिटं आनंदाबाई नुसत्या बसून होत्या. मग संथ आवाजात बोलू लागल्या.

"मले समदं दिसून राह्यलं. हेमराज मले न इचारता माह्या नावाचं वावर इकाले निंगाला. मी सही करनार नाई."

हेमराज काही बोलणार, तोच ज्योत्स्नानं ओठांवर बोट ठेवलं.

"अन् याचे बाबूजी फिराले जातो म्हनते, अन् हाटेलात बसून जिलेबी खाते."

नानाजींनी मान खाली घातली. आनंदाबाई चांगल्या अर्धा तास बोलल्या. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांना एवढं सलग कुणी बोलू दिलं नव्हतं.

संध्याकाळी हेमराजनं शेताचा सौदा मोडला. ज्योत्स्ना खुशीत ध्यानाची नोंद तपासायला बसली.



हेडसेटची बॅटरी दुसऱ्याच मिनिटाला संपली होती.