देशाचं मीठ

“कुणाला सांगून पटायचं नाही, बाई,” वजनसाहेब म्हणाले, “पण या अख्ख्या देशाचं मीठ एकट्या मावशींनी वाढवलंय. तेही चिमटीनं!”

संचालकबाईंनी चष्मा वर सरकवला. समोर प्रयोगशाळेची स्वयंपाकीण, म्हणजे मावशी, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. कोपऱ्यात कारकून लिहून घेत होता. चौकशी मावशींची होती. आरोप खरा ठरला तर संध्याकाळी किल्ली जमा करायची आणि घरी जायचं. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. बावीस वर्षांची नोकरी पाण्यात.

काम तसं साधं होतं. देशभरातल्या दुकानांतून तांदूळ, बटाटे, डबाबंद वाटाणे नि मासे यायचे. लोक घरी धुतात, सोलतात, शिजवतात, तसंच मावशी सगळं शिजवायच्या. फक्त मीठ घालायचं नाही. कारखान्यातून किती आलंय, तेच तर बघायचं असे. पातेलं उतरलं की वजनसाहेब ताबा घ्यायचे. वजन करून निम्मं दळायला पाठवायचे, निम्मं फेकायचे. दळलेल्या लगद्यात शिसं, कीटकनाशकं, रंग, मीठ, सगळं मोजलं जाई.

गेली अकरा वर्षं मीठ वाढत होतं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, कारखान्यांना नोटिसा गेल्या. मग एका वाटाणेवाल्यानं आपला माल दुसरीकडे, न शिजवता तपासून आणला. त्यात वाढीव मीठ नव्हतंच.

“म्हणजे मीठ आपल्याच इमारतीत पडतंय,” बाई म्हणाल्या. “पण मावशीच कशावरून?”

“हा आलेख बघा. एकदम उडी आहे का? नाही. जिना चढावा तसा चढतोय, दरवर्षी एक पायरी. ही कारखान्याची चाल नाही, बाई, ही जिभेची चाल आहे. वय झालं की चव कमी लागते आणि हात सैल सुटतो. आमच्या सासूबाईंचं शेवटी असंच झालं होतं. त्यांच्याकडे जेवायला बसताना आम्ही आधी पाण्याचा जग ओढून घ्यायचो.”

कारकून फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत.

“स्वयंपाकघरात मीठ ठेवायलाच बंदी आहे.”

“चिमूटभर मिठाला बरणी कशाला? खिसा पुरतो.”

“आणि घालायचं तरी कशासाठी? तो लगदा यंत्रात जातो. खातंय कोण?”

“तिथंच तर सगळी गंमत आहे!” वजनसाहेब खुर्चीत पुढे सरकले. पोटावरची बटणं ताणली गेली. “जन्मभर रांधणाऱ्या बाईला अळणी अन्न पुढे करवत नाही. यंत्राला वाढायचं असलं तरी! मी त्यांना दोष देत नाही हं. इथे बदलून आल्यापासून, अकरा वर्षं, माझं टेबल त्यांच्या दाराशी आहे. डबा आणायची मला सवय नाही, त्यामुळे दुपारभर तिथेच असतो. माणूस सोन्यासारखं आहे. बोलताना जड जातंय मला.”

“दिसतंय की,” मावशी पहिल्यांदाच बोलल्या. “घामच फुटलाय तुम्हाला.”

“गप्प बसा जरा, मावशी. तुमच्याच भल्याचं बोलतोय. चूक कबूल केलीत तर बाई सांभाळून घेतील.”

“काय सांभाळून घ्यायचं ते मी ठरवीन,” बाई म्हणाल्या. “मावशी, तुम्ही मीठ घातलंत?”

“नाही.”

“साहेब म्हणतात, तुमची चव कमी झालीय.”

“कमी नाही, बाई.” मावशींनी बोटांनी ओठ पुसले. “मुळीच नाही. इथे लागण्याआधी मोठा ताप आला होता, त्यात गेली ती गेलीच. मीठ काय नि साखर काय, जिभेवर नुसती वाळू. हॉटेलातली नोकरी त्यापायीच सुटली. ते ऐकून इथल्या जुन्या साहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, मला अशीच बाई हवीय, जिचा हात मिठाकडे वळणारच नाही. दवाखान्याचा कागद फायलीत असेल.”

बाईंनी फाईल उघडली. कागद अगदी तळाशी होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कारकुनापुढे ठेवला. वजनसाहेब खिडकीकडे बघत होते.

बाईंनी आलेख उचलला, फिरवला आणि टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवला.

“मग ही म्हातारी होत चाललेली जीभ कुणाची, साहेब?”