खचलेली बाजू

बावीस वर्षं एकाच माणसाने चालवलेल्या टेम्पोची लांब सीट दाराच्या बाजूला पार खचली होती. कुशनवाल्या काकांनी नव्या स्प्रिंगा बसवल्या, नवा फोम भरला, तरी ड्रायव्हरच्या जिवाला चैन नव्हती. आठवड्यात तिसऱ्यांदा तो दुकानात हजर.

"काका, दाराकडून अजून उंचच आहे. धड बसवत नाही, पाठीचा काटा ढिला झालाय."

"अरे, किती डोकं खाशील!" काका वैतागले. समोर भिंत बांधणाऱ्या गवंड्याकडून त्यांनी पातळी तपासायची पाणसळ मागून आणली आणि सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.

"मग मलाच तिरकं का वाटतंय?" ड्रायव्हर चुळबुळत म्हणाला.

काकांनी त्याला टेम्पोच्या आरशासमोर ताठ उभं केलं आणि तीच पाणसळ गळ्यापुढून त्याच्या दोन्ही खांद्यांवर ठेवली. आरशात त्याला दिसलं, बुडबुडा सरकत सरकत थेट टोकाला जाऊन अडकला.

त्याने आपला एका बाजूला झुकलेला खांदा चाचपला. मग हळूच म्हणाला,



"काका, जुन्या स्प्रिंगा भंगारात नाही ना दिल्या?"