कडू घास

शेजारच्या मालूकाकूंनी पिठलं-भाताचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि जिन्यापर्यंत मागे सरकल्या. "कडू घास हाताने भरवायचा असतो गं, असा ठेवून जायचा नसतो," म्हणाल्या आणि मास्कवर पदर दाबून रडल्या. पहाटे आप्पा हॉस्पिटलातच वारले होते. मीही पॉझिटिव्ह होते. दारातूनच हात जोडले.

मग ऑकलंडला दादाला व्हिडिओ कॉल लावला. वर्षभर रोज दुपारी आप्पा त्याच्याशी दोन्ही देशांवरून भांडायचे. "आमच्या गल्लीत निघतात तेवढे पेशंट तुमच्या अख्ख्या देशात नाहीत. याला साथ म्हणतात होय रे?" फोन ठेवला की मला म्हणायचे, "शहाणा देश आहे. वेळेवर दारं लावून घेतली." त्या लावलेल्या दारांमुळेच दादा निघू शकला नव्हता, आला असता तर बायको-मुलांकडे परत जाता आलं नसतं.

"जेवलीस का, मंजे?"

"डबा आलाय."

त्याच्या घरात माणसं दाटीने बसली होती. कुणाच्याच तोंडाला मास्क नव्हता. एका म्हाताऱ्या शेजारणीने वाकून त्याला घट्ट कवटाळलं आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दादाने घाईघाईने फोन टेबलावर उलटा ठेवला.

थोड्या वेळाने त्याचा ओशाळलेला चेहरा परत दिसला. "सॉरी गं. तुला तिथे जवळ घ्यायला कुणी नाही, आणि मी..."

"दादा," मी म्हटलं, "पुन्हा कुणी जवळ घेतलं, तर फोन सरळच ठेव. मला बघू दे."