नेलपॉलिशचा ठिपका

मोटर पुन्हा किंचाळली आणि मशीनचं टेबल जागच्या जागी अडलं. संगणकाच्या पडद्यावरचा आकडा मात्र पुढे पळतच होता. टेबल आपल्याबरोबर धावतंय अशी त्याची समजूत. मुलीने बटण दाबून त्याचा गैरसमज दूर केला आणि कपाळ धरून स्टुलावर बसली.

घराच्या मागच्या खोलीतलं ते लोखंड कोरणारं मिलिंग मशीन बाबांचं. निवृत्त होताना कारखान्यातून भंगारात निघालेलं ते धूड त्यांनी घरी आणलं होतं आणि नवरीसारखं जपलं होतं. आई त्याला सवतच म्हणायची. हँडल फिरवलं की टेबल सरकायचं, आणि केसाएवढा फरक बाबांना बोटांनी कळायचा. आता मुलीने नोकरी सोडली होती. हँडलांच्या मागे मोटरी बसवायच्या, त्या संगणकाच्या हुकमाने चालवायच्या आणि घरीच पार्ट बनवायचे, असा तिचा बेत होता. बाबांनी नाक मुरडलं होतं. "का? माझे हात काय भाड्याने दिलेत?" शेवटी एका अटीवर ते कबूल झाले. हँडलं काढायची नाहीत.

पहिल्या दिवशी टेबल असं धावलं की आईसुद्धा बघायला आली. मग ते रोज थोडं थोडं मंदावत गेलं. जरा वेग वाढवला की मोटर किंचाळायची आणि अडायची. गोगलगायीच्या चालीने चालवावं, तर एका पार्टला अख्खी सकाळ जायची. पहिल्याच गिऱ्हाइकाला दिलेला शब्द डोक्यावर येऊन बसला होता. हे काम हातचं गेलं तर पुन्हा नोकरीच शोधावी लागणार होती. तिने वायरी तपासल्या. मोटरचा करंट वाढवला. जास्त व्होल्टचा पुरवठा आणला. सेटिंग सतरा वेळा बदललं. मोटर सुटी करून चालवली तर भिंगरीसारखी फिरली. टेबलाला जोडली की पुन्हा रडगाणं.

"काय म्हणतेय तुझी मोटर?" बाबा दारात उभे राहून दाढी कुरवाळत होते. दाढी नवीनच होती. या वयात हिरो व्हायचंय, असं आई म्हणायची.

"मोटर शहाणी आहे. तुमचं टेबलच जड चाललंय."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं!" बाबा खूश होऊन निघून गेले.

आईने चहा आणला. मुलीचा कप काठोकाठ, शेजारी बाबांचा अर्धाच.

"दुधाचा दुष्काळ पडलाय का गं?"

"त्यांचा गार होतो. दोनदा देते," आई म्हणाली आणि बाबांचा कप घेऊन लगबगीने आत गेली.

मुलीने बॅटरी घेऊन टेबलाखाली वाकून पाहिलं. टेबल ज्या खाचेत सरकतं, तिथे एक पट्टी असते. तिचे स्क्रू आवळले की टेबल घट्ट होतं, ढिले केले की हलकं. ते तिने पहिल्याच दिवशी बसवले होते आणि प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या लोखंडावर. स्क्रू कुणी हलवला की ठिपका तुटतो. ही युक्ती बाबांचीच. रंग तेवढा तिचा.

सगळे ठिपके तुटले होते. स्क्रूच्या खाचांभोवती ओरखडे होते. असे ओरखडे पाडणाऱ्या माणसाला बाबांनी एके काळी कारखान्यातून हाकलून दिलं होतं.

घरात पेचकस धरणारी माणसं दोनच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. आपल्याच मुलीची परीक्षा बघायची, तीही अशी?

दुपारी ती दुकानात जाऊन आली तर बाबा टेबलाखाली वाकले होते. हातात पेचकस.

"बाबा, मोटरी नको होत्या तर तोंडाने सांगायचं होतं. असं चोरून स्क्रू कशाला आवळता?"

बाबा दचकले नाहीत. "चोरून कशाला? माझं मशीन आहे. टेबल ढिलं झालंय. रोज आवळतो, तरी थरथरतं. तुला कळत कसं नाही? ये इकडे. हात ठेव."

त्यांनी हँडल धरलं. तिने टेबलावर तळवा ठेवला. लोखंड गार होतं आणि निश्चल होतं. हँडल मात्र आतल्या आत टकटकत होतं. तिने तळवा उचलला आणि हँडलवरच्या बाबांच्या हातावर ठेवला.

अडण्याआधी मोटर जशी थरथरते, तशी त्यांची बोटं थरथरत होती. तिने हात तसाच ठेवला. थरथर थांबली नाही.

"जाणवतंय ना?" बाबांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. हँडलकडे बघत होते.

"जाणवतंय," ती म्हणाली.

"जुनं झालं मशीन."

"होतंच. स्क्रू राहू द्या तसेच आवळलेले. मी मोटर मोठी आणते."

बाबांनी हँडल सोडलं. मग त्यांनी पेचकस तिच्यापुढे धरला. "एक राहिलाय कोपऱ्यातला. तूच आवळ."

तिने वाकून तो आवळला. ती उठली तेव्हा आई चहा घेऊन दारात उभी होती. बाबांचा कप अर्धा होता.

या वेळी मुलीने दुधाची चौकशी केली नाही.